दहाव्या रांगेतला आवाज

मास्तरांनी आयुष्यात कुणावर आवाज चढवला नव्हता. यात कौतुक करण्यासारखं काही नाही. त्यांचं कामच तसं होतं. ते मोटार चालवायला शिकवत. शिकणारा माणूस आधीच घाबरलेला असतो. त्याच्या कानाशी ओरडलं की तो ब्रेकऐवजी भलतंच काहीतरी दाबतो, हे त्यांना नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळून चुकलं होतं. त्यामुळे समोरून ट्रक अंगावर येत असला तरी मास्तर "जरा बाजूला घेऊ या का?" अशाच सुरात बोलायचे आणि तेवढ्यात आपल्या पायाखालचा जादा ब्रेक दाबून मोकळे व्हायचे. घरीही तोच सूर. त्यांची बायको म्हणायची, "यांच्याशी भांडणं म्हणजे उशीशी भांडणं. आपलेच हात दुखतात."

बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असायची. दिवसभर उभं राहून संध्याकाळी तिच्या पायांना सूज यायची. लेक चष्म्याच्या दुकानात होती. तिघांच्या सुट्ट्या कधी जुळत नसत, म्हणून आई-बाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला लेकीने शनिवार संध्याकाळच्या कार्यक्रमाची दोन तिकिटं काढली आणि दोघांनाही बजावलं, "त्या दिवशी दमलोय बिमलोय असलं काही चालायचं नाही. लिफ्टमन आहे."

लिफ्टमन कोण, हे तिथे कुणाला सांगावं लागत नसे. त्याचं खरं नाव फक्त इस्पितळाच्या कागदांवर आणि पोलिसांच्या नोंदीत येई. टीव्हीवरच्या एका मालिकेत त्याने एका जुन्या इमारतीच्या लिफ्टमनचं काम केलं होतं. सगळे रहिवासी त्याच्या लिफ्टमधून वरखाली करताना भांडायचे, रडायचे, एकमेकांची गुपितं फोडायचे. तो बिचारा बटण दाबून गप्प उभा. शेवटी दार बंद होता होता एकच वाक्य टाकायचा, आणि घरोघरी माणसं हसून लोळायची. मास्तरांचे वडील अंथरुणाला खिळले होते, त्या काळात त्या घरात हसू यायचं ते त्या अर्ध्या तासात. वडील शेवटी शेवटी कुणाला ओळखत नव्हते, पण लिफ्टमनला ओळखायचे.

पुढे मालिका संपली. लिफ्टमनची बायको त्याला सोडून गेली, त्याची गाडी एका दुकानाच्या दारात घुसली, मग दारू, मग इस्पितळ, मग इस्पितळातल्या कपड्यातला त्याचा फोटो कुणीतरी चोरून काढून पेपरात छापला. दोन-तीन वर्षं तो कुठे होता कुणालाच माहीत नव्हतं. आणि आता भिंतीभिंतींवर त्याची पोस्टरं लागली होती: 'मी परत वर येतोय!'

पडदा उघडायला बराच उशीर झाला. लोक पहिल्यांदा घड्याळाकडे बघत होते, मग एकमेकांकडे बघायला लागले. मास्तरांची जागा दहाव्या रांगेत, कडेची. पुढच्या खुर्चीत गुडघे अडकत होते. शेवटी लिफ्टमन आला, तो जुना राखाडी कोट घालून. कोट तोच असावा, आतला माणूस मात्र निम्मा झाला होता. टाळ्या थांबेनात. तो हात जोडून उभा राहिला, डोळे मिटून. टाळ्या संपल्या तेव्हा थंडीत कुणीतरी अंगावरचं पांघरूण ओढून घ्यावं तसा त्याचा चेहरा झाला.

मग त्याने गोष्ट सुरू केली. सगळ्यात वरच्या मजल्यावरची म्हातारी आणि तिचं मांजर. म्हातारी लिफ्टमध्ये आली, मांजर आलं, दार बंद झालं. "तर ती मला म्हणाली..." इथे तो थांबला. वर पाहिलं. "तर ती म्हणाली..." लोक हसले. त्यांना वाटलं, हाही त्यातलाच भाग. त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. म्हातारी आली, मांजर आलं, दार बंद झालं. या खेपेला हसणारे थोडे होते. तिसऱ्यांदा म्हातारी आली तेव्हा कुणीच हसलं नाही. बाजूला बसलेल्या वादकाने वेळ मारून न्यायला एक धून वाजवायला घेतली, तर लिफ्टमन वळून त्याला म्हणाला, "थांब रे, आठवू दे मला."

मग समोर बघून त्याने विचारलं, "मी कुठे होतो?"

"बारमध्ये!" वरच्या सज्जातून कुणीतरी ओरडलं.

सगळं सभागृह हसलं. लिफ्टमनही हसला, आणि ते बघणंच सगळ्यात अवघड होतं. त्यानंतर मात्र लोकांचा धीर सुटला. शिट्ट्या सुरू झाल्या. "अरे बोल की!" "अरे, पाठ करून तरी यायचंस!" कुणी ठेका धरून टाळ्या वाजवायला लागले. अंधारात ठिकठिकाणी मोबाइल उजळले. लिफ्टमनने माइकचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता, हलत्या बसमध्ये माणूस खांब धरतो तसा.

मास्तरांच्या बायकोने मान खाली घातली होती. ती पर्सची कडी उघडत होती, लावत होती, उघडत होती. आणि मास्तर उठून उभे राहिले.

"अहो, पुरे झालं! घरी जा आणि झोपा!"

ओरडायची सवय नसलेला माणूस ओरडतो तेव्हा जसं व्हायचं तसंच झालं. आवाज फाटला. म्हणायचं होतं एक आणि निघालं ते अंगणात शिरलेल्या कुत्र्याला हाकलावं असं काहीतरी. मग त्या संध्याकाळचा सगळ्यात मोठा हशा उसळला. लिफ्टमनने दिव्यांच्या उजेडातून डोळ्यांवर आडवा हात धरून पाहिलं. "कोण?" त्याने विचारलं. मास्तर खाली बसले होते. लिफ्टमनने माइक हळूच खाली जमिनीवर ठेवला, झोपलेलं मूल ठेवतात तसा, आणि तो आत निघून गेला.

परत येताना बसमध्ये बायको पर्स मांडीवर घेऊन खिडकीशी बसली. मग म्हणाली, "तुम्ही ओरडलात."

"हो."

"तुम्ही!"

"कुणीतरी थांबवायला हवं होतं त्याला."

"मग थांबला तो," बायको म्हणाली आणि तिने चपलेतून पाय मोकळे केले.

सकाळी मास्तर चहात टोस्ट बुडवत होते, तेवढ्यात लेक खोलीतून फोन नाचवत आली. "बाबा, काल तुम्ही असताना हे झालं? अख्खं जग बघतंय हे! तो एक माणूस काय ओरडलाय! ऐका, ऐका."

तिने फोन टेबलावर ठेवला. माइक धरून उभा असलेला लिफ्टमन, शिट्ट्या, आणि मग तो फाटका आवाज: "...पुरे झालं! घरी जा आणि झोपा!" मग हशा. लेकही खिदळली. तिने पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा तिचं हसू अर्ध्यावर थांबलं. तिने आईकडे पाहिलं. आई गॅस पुसत होती, जो आधीच स्वच्छ होता.

"बाबा?"

टोस्ट तुटून चहात पडला. मास्तर चमच्याने तो शोधायला लागले.

"बाबा, हे तुम्ही आहात?"

"कुणाला सांगू नकोस," मास्तर म्हणाले.

लेकीने शपथ घेतली. तिने फक्त एका मैत्रिणीला सांगितलं, आणि मैत्रिणीने फक्त आपल्या नवऱ्याला.

पहिले दोन-चार दिवस नुसता आवाज फिरत होता, माणूस नव्हता. पण आवाज असा फिरला की मास्तरांना तोंड लपवायला जागा उरली नाही. सामन्यात गोल हुकवणाऱ्या खेळाडूला लोक तेच म्हणाले. रटाळ भाषण करणाऱ्या पुढाऱ्याला तेच. कुणीतरी त्यावर ठेका बसवून गाणं केलं. लोकांच्या तोंडी पडता पडता वाक्य झिजून आखूड झालं, 'घरी जा, झोप!' एवढंच उरलं. मास्तरांकडे एक निवृत्त बँकवाल्या बाई शिकायला येत. गाडी मागे घेताना तीन वेळा कठड्याला लागली तेव्हा त्या स्वतःच गिअरवर हात आपटून म्हणाल्या, "घरी जा, झोप!" आणि मास्तरांकडे बघून मनसोक्त हसल्या. मास्तर म्हणाले, "जरा पुढे घेऊन परत येऊ या का?"

मग नाव बाहेर आलं. दुसऱ्याच दिवशी ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाने मास्तरांचा ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून दारावर लावला. खाली लिहिलं: 'स्पष्ट बोलणारे एकमेव शिक्षक'.

"मालक, मी कधीच स्पष्ट बोलत नाही," मास्तर म्हणाले. "काढा तो."

"अहो, मास्तर, तुमच्यामुळे चार जण चौकशीला आले. राहू द्या की. मी काय वाईट लिहिलंय?"

लोकांत दोन तट पडले होते. एका तटाला मास्तर म्हणजे देवमाणूस. किराणा दुकानात एका गृहस्थाने साबण खाली ठेवून त्यांचा हात हातात घेतला आणि सोडेच ना. "मी पण तिथे होतो. आमच्या सगळ्यांच्या मनातलं बोललात. एवढी तिकिटं काढून आम्ही काय दारुड्याची बडबड ऐकायची?" दुसऱ्या तटाला मास्तर म्हणजे खाटीक. एक बाई औषधांच्या दुकानात खोकल्याचं औषध घ्यायला आल्या आणि मास्तरांच्या बायकोला ओळखून म्हणाल्या, "आजारी माणसाला असं हाडतुड करतात? उद्या त्याने जिवाचं काही बरंवाईट केलं तर?" बायकोने बाटली पिशवीत घातली, दिवसातून दोनदा घ्या म्हणून सांगितलं आणि आत जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली.

त्या दिवशी घरी येऊन तिने विचारलं, "खरं सांगा. त्याची कीव आली म्हणून ओरडलात, की राग आला म्हणून?"

मास्तर खुर्चीत सावकाश टेकले. "पाठ दुखत होती," ते म्हणाले. "राग होता थोडा. आपल्या घरात तो यायचा ना गं, टीव्हीतून. बाबांसमोर. आणि आता असा उभा. त्याचं बघवत नव्हतं. मग तो राग म्हणायचा की काय, मला नाही सांगता येत."

"हेच सांगा लोकांना."

सांगून पाहिलं. एका वाहिनीची बातमीदार कॅमेरावाल्याला घेऊन घरी आली. सोफ्यावरच्या उशा तिने स्वतः सरळ केल्या. मास्तर बराच वेळ बोलले: वडिलांचं सांगितलं, लिफ्टमनचं वाईट वाटलं म्हणाले, आपण ओरडायला नको होतं पण लोकांनी शिट्ट्या वाजवायलाही नको होत्या, असंही म्हणाले. रात्री बातम्यांत त्यातलं फक्त 'मला वाईट वाटलं' एवढंच आलं. त्यावर कुणी लिहिलं की वाईट वाटणारच, तिकिटाचे पैसे गेले. कुणी लिहिलं की आता माफी मागून काय उपयोग. मास्तरांनी टीव्ही बंद केला. त्यानंतर कुणी विचारलं की ते "हो" म्हणायचे, कोणत्याही प्रश्नाला. लोकही तेवढ्यावर खूश असत.

आणखी आठवडाभराने लिफ्टमनच्या कार्यक्रमाची व्यवस्थापक आली. चुणचुणीत बाई, बोलताना दर दोन वाक्यांनी फोन उलटा करून बघायची. ती म्हणाली, रविवारी दुपारी पुढचा प्रयोग आहे आणि तिकिटं सगळी संपली आहेत. "आधी इतकी कधीच गेली नव्हती. सगळी तुमची कृपा, काका. तर आमची एक कल्पना आहे. तुम्ही यायचं, त्याच दहाव्या रांगेत बसायचं, आणि मध्ये आम्ही खूण केली की उठून तेच ओरडायचं. लाइट तुमच्यावर. मग त्यांचं तुमच्याशी थोडं विनोदी बोलणं. गोड शेवट! लोकांच्या मनातली अढी जाईल."

"त्यांना चालणार आहे हे?" मास्तरांनी विचारलं.

"कुणाला?"

"लिफ्टमनना."

"चालेल ना," बाई म्हणाली. "त्यांना काहीही चालतं हल्ली."

लेकीला कल्पना आवडली. तिच्या मते, एकदाच सगळ्यांसमोर हसून टाकलं की विषय मिटला. बायको भाजी निवडत राहिली. मास्तर म्हणाले, "आधी मी त्यांना भेटेन. मग बघू."

तालमीची खोली एका गोदामाच्या वर होती. जिन्यात पुठ्ठ्याची खोकी रचलेली. आत भिंतभर आरसे, एक पंखा, चार-पाच प्लास्टिकच्या खुर्च्या आणि खिडकीशी लिफ्टमन. पायात सपाता, मांडीवर थर्मास. व्यवस्थापक बाईने ओळख करून दिली आणि फोन कानाला लावून ती बाहेर गेली.

"तुम्हीच का ते," लिफ्टमन म्हणाला. मालिकेतला तोच आवाज, फक्त आता तो जणू लांबच्या खोलीतून येत होता. "बसा. लिफ्टमध्ये कधी कुणाला बसा म्हणता आलं नाही मला."

मास्तर बसले. "मला तसं ओरडायचं नव्हतं," ते म्हणाले.

"कसं ओरडायचं होतं?"

"ओरडायचंच नव्हतं. मी गाडी शिकवतो. शिकणाऱ्याचं काही चुकायला लागलं की माझ्या पायाखाली ब्रेक असतो. तिथे पायाखाली काहीच नव्हतं."

लिफ्टमनने थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि मास्तरांपुढे धरला. "एक सांगू? तुम्ही 'अहो' म्हणालात. लोक ऐकवतात त्यात ते नाहीच, कापलंय कुणीतरी. पण मी ऐकलं. बाकी सगळं सभागृह मला अरे-तुरे करत होतं. आणि मध्येच कुणीतरी अहो! मला वाटलं बायको आली परत." तो हसला. "म्हणून विचारलं, कोण."

मास्तरांना हसावं की नाही ते कळेना. त्यांनी चहा प्यायला. चहा कोमट होता.

"मग गेलात का घरी? झोपलात?"

"गेलो. पण घरी झोप लागत नाही हो. औषध घेतलं की दिवसभर डोकं जड, आणि नाही घेतलं की रात्रभर छताकडे बघायचं. त्या औषधानेच म्हातारी विसरतो मी. त्या दिवशी मी प्यायलो नव्हतो. हे कुणाला सांगायची सोय नाही, कारण आधी इतक्यांदा प्यायलो होतो."

"मग बंद करा हे. थोडे दिवस."

"करीन की. कुणीतरी करू दिलं पाहिजे. रविवार झाला की अजून सहा गावं आहेत." त्याने आरशाकडे पाहिलं, पण आरशातल्या स्वतःकडे नाही, मागच्या भिंतीकडे. "तुम्ही या रविवारी. कृपा करून या. तुम्ही उठून बोललात की पाच-सात मिनिटं तुमच्याकडे बघतील लोक. तेवढा वेळ मला आठवावं लागणार नाही."

मास्तरांनी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

रविवारी दुपारी सभागृह खच्चून भरलं होतं. तरुण पोरं घोळक्याने आली होती. बऱ्याच जणांच्या टी-शर्टवर ते वाक्य छापलेलं होतं. पडदा उघडायच्या आतच मागून एकाने "घरी जा!" म्हटलं आणि अर्ध्या सभागृहाने "झोप!" म्हणून साथ दिली. व्यवस्थापक बाई विंगेतून टाळ्या वाजवत होती. मास्तरांच्या कोटाला एक छोटा माइक अडकवला होता. बायको शेजारी ताठ बसली होती. या खेपेला पर्स तिने पायाशी ठेवली होती.

लिफ्टमन वेळेवर आला. समोर एक लाकडी स्टँड ठेवला होता आणि त्यावर कागद. तो वाचत होता. म्हातारी आली, मांजर आलं, दार बंद झालं, आणि म्हातारी काय म्हणाली तेही त्याने वाचून दाखवलं. विनोद बरा होता. लोक थोडे हसले. मग दुसरी गोष्ट, मग तिसरी. कुठे अडखळला नाही, कुठे रंगलाही नाही. पावती वाचावी तसं वाचत होता. मास्तरांच्या हळूहळू लक्षात यायला लागलं की आजूबाजूची माणसं कंटाळली आहेत, आणि नुसती कंटाळलेली नाहीत, नाराज आहेत. ती पडणारा माणूस बघायला आली होती आणि हा तर धरून धरून चालत होता. "आज काहीच होत नाहीये," मागच्या रांगेतली एक मुलगी मैत्रिणीला म्हणाली.

मग दिवा आला. डोळ्यांवर एकदम पांढरा उजेड. "आणि आज आपल्यामध्ये आहेत..." असं ध्वनिक्षेपकावरून व्यवस्थापक बाई म्हणत होती, पण पुढचं ऐकू आलं नाही. लोक उभे राहून ओरडायला लागले. मास्तर उठले. समोर लिफ्टमन कागदावरून नजर काढून त्यांच्याकडे बघत होता. त्याच्या कपाळावर घाम चमकत होता आणि एक हात लाकडी स्टँडवर टेकलेला होता, टेकलेला म्हणण्यापेक्षा त्याच्याच आधाराने तो उभा होता.

सगळे थांबले. सगळे वाट बघायला लागले.

"दमलात का?" मास्तरांनी विचारलं. रोज गाडीत बोलायचे त्याच सुरात.

माइकमुळे ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. कुठेतरी एक-दोघं हसले आणि एकटेच हसतोय हे कळून गप्प झाले.

"हो," लिफ्टमन म्हणाला.

"मग बसा ना थोडा वेळ."

लिफ्टमनने इकडेतिकडे पाहिलं. खुर्ची नव्हती. तो सावकाश पुढे आला आणि रंगमंचाच्या कडेला पाय खाली सोडून बसला. मास्तरही आपल्या जागी बसले. मग काहीच झालं नाही. तो बसला होता, लोक बसले होते. वादकाने वाजवायला हात उचलला आणि परत मांडीवर ठेवला. आधी कुणी खोकलं, मग कुणी हसायचा प्रयत्न केला, मग कुणी म्हणालं, "झालं का?" थोड्या वेळाने लोक उठायला लागले. काही जणांनी जाता जाता टाळ्या वाजवल्या, कशासाठी ते त्यांनाही माहीत नसावं. टी-शर्टवाल्या पोरांच्या घोळक्याने उगाच एकदा ओरडून पाहिलं आणि तोही बाहेर पडला. अर्ध्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या झाल्या तरी लिफ्टमन तसाच बसला होता, चेहऱ्यावर बसायला जागा मिळालेल्या माणसाचं समाधान. शेवटी व्यवस्थापक बाईने पडदा पाडायला सांगितला, पण तो पडद्याच्या अलीकडे राहिला.

दुसऱ्या दिवशी लोकांनी ठरवून टाकलं की दुसराही प्रयोग फुसका गेला. आणि मग कुणीतरी आणखी एक शोध लावला: दोघं आधीपासूनच मिळालेले होते. पहिलं ओरडणंही ठरवून केलेलं, सगळी तिकिटं खपवायची युक्ती. हा शोध सगळ्यांना पटला. देवमाणूस म्हणणाऱ्यांना फसवल्यासारखं वाटलं आणि खाटीक म्हणणाऱ्यांना आपण उगाच इतकं हळहळलो म्हणून चीड आली. किराणा दुकानातले ते गृहस्थ मास्तरांना बघून दुसऱ्या रांगेत वळले. मालकाने दारावरचा फोटो काढला. चिकटपट्टीचे चार चौकोन तेवढे राहिले.

"तुम्ही सांगत का नाही लोकांना?" लेक चिडून म्हणाली. "तुम्ही एक पैसा घेतला नाहीत, त्याला ओळखतही नव्हतात!"

"सांगून झालंय एकदा," मास्तर म्हणाले. "उशा पण सरळ केल्या होत्या."

लेकीला हसू आवरलं नाही. कितीतरी दिवसांनी त्या घरात कुणी हसत होतं.

पुढच्या सहा गावांचे प्रयोग एकेक करून रद्द झाले. पेपरात आतल्या पानावर, हवामानाच्या वर, चार ओळी आल्या. नंतर लोकांना हसायला दुसरं काही मिळालं, कुणा बातमी वाचणारीची शिंक, आणि मास्तरांना रस्त्यात ओळखणारं कुणी उरलं नाही. निवृत्त बँकवाल्या बाई परीक्षा पास झाल्या. मास्तर पुन्हा समोर बघत, हळू आवाजात, नव्या नव्या घाबरट माणसांच्या शेजारी बसायला लागले. थकवा काही एकदम गेला नाही. तो अंगात राहिला, मोठ्या तापानंतर राहतो तसा. जेवताना ते मध्येच थांबत, आणि बायको काही न विचारता पाण्याचा पेला पुढे सरकवी.

एका सुट्टीच्या सकाळी फोन आला. बायको धुतलेली चादर हातात घेऊन दोरीकडे निघाली होती. मास्तर बराच वेळ नुसतं "हो... हो का... बरं" एवढंच बोलत होते.

"कोण होतं?" तिने विचारलं.

"लिफ्टमनची थोरली बहीण. तिच्याकडे राहायला गेलाय तो. त्याने सांगितलं म्हणे, त्या मास्तरांना कळवून टाक."

"कसा आहे?"

"तसाच. दुपारी थोडी झोप लागते म्हणाली. उठला की चिडचिड करतो. चहात साखर कमी, खिडकीतून वारा येतो, शेजारच्यांचा रेडिओ मोठा. काल भाचीवर खेकसला. बहीण वैतागलीय अगदी."

"मग बरा आहे," बायको म्हणाली आणि तिने ओल्या चादरीचं दुसरं टोक मास्तरांच्या हातात दिलं. दोघांनी ती दोन बाजूंनी धरून घट्ट पिळली.